थानाटोस आणि हेडीस : ग्रीकांनी मरण कसे वाटून दिले

ग्रीक पुराणकथा मराठीत सांगायला घेतल्या की एक अडचण लगेच उभी राहते. पाताळाचा राजा हेडीस कथेत आला की आपण त्याला 'ग्रीकांचा यम' म्हणून मोकळे होतो. पुढे दुसऱ्या एखाद्या कथेत माणसाचे प्राण न्यायला थानाटोस येतो. त्यालाही यमच म्हणावे लागते. रणांगणावर प्रेते ओढणारी केर आली की ती यमदूती होते आणि नदीपार नेणारा कॅरॉन यमदूत. वाचणाऱ्याला गोष्ट कळते, पण ती ज्या भेदावर उभी आहे तो भेद या एका शब्दाखाली झाकला जातो.

हे होणे साहजिक आहे, कारण आपल्या परंपरेचा कल गोळा करण्याकडे आहे. नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नानानंतर यमतर्पण करण्याची रीत आहे. त्यात यमाची चौदा नावे घेतली जातात. यम, धर्मराज, मृत्यू, अंतक, वैवस्वत, काल अशी ती यादी चालू होते आणि चित्रगुप्तापाशी संपते. प्राण नेणारा, न्याय करणारा, काळ होऊन सगळ्यांना गिळणारा आणि हिशेब ठेवणारा, हे सगळे एकाच देवतेच्या नावांत सामावलेले आहेत. ग्रीकांनी नेमके उलट केले. त्यांनी मरणाची कामे वेगवेगळ्या देवतांना वाटून दिली. त्यातली सर्वांत महत्त्वाची वाटणी म्हणजे मरणे आणि मेलेले असणे यांची. मरणे हा एक क्षण आहे, तो थानाटोसचा. मेलेले असणे ही कायमची स्थिती आहे, ती हेडीसची. ही वाटणी ध्यानात ठेवली तर ग्रीकांच्या मृत्युकथांमधल्या बऱ्याच कोड्यांचा उलगडा होतो.

रात्रीची मुले

थानाटोसची वंशावळ हेसिअड या कवीने इ.स.पू. सुमारे ७०० मध्ये रचलेल्या 'थिओगनी' या काव्यात सापडते. तिथे रात्र ही देवता जोडीदाराशिवाय एकटीच मुलांना जन्म देते. मोरोस म्हणजे अटळ अंत, केर म्हणजे घातकी मरण, थानाटोस म्हणजे मृत्यू, हिप्नोस म्हणजे झोप आणि स्वप्नांची टोळी. त्याच रांगेत पुढे म्हातारपण आहे, फसवणूक आहे आणि कलहही आहे. माणसाला ज्यांच्यापुढे हात टेकावे लागतात अशा गोष्टींची ही यादीच म्हणायची. मरण हे कोणा देवाने दिलेली शिक्षा नव्हे, कोणा राक्षसाची करणीही नव्हे. झोप आणि म्हातारपण जसे जगाच्या घडणीतच आहेत, तसे तेही आहे.

याच काव्यात पुढे झोप आणि मृत्यू या भावंडांच्या घराचे वर्णन येते. सूर्य त्यांच्याकडे कधी पाहत नाही. झोप पृथ्वीवर आणि समुद्रावर शांतपणे फिरते, माणसांशी मायेने वागते. मृत्यूचे काळीज मात्र लोखंडाचे आहे. ज्याला एकदा धरले त्याला तो सोडत नाही, आणि अमर देवही त्याचा तिटकारा करतात.

इथे भाषेची एक बाब सांगायला हवी. 'थानाटोस' हा ग्रीकमधला मरणासाठीचा रोजचा शब्द आहे आणि तो पुल्लिंगी आहे. कवी हा शब्द वापरतो तेव्हा तो घटनेविषयी बोलतो आहे की देवतेविषयी, हे प्रत्येक वेळी संदर्भावरून ठरवावे लागते. थानाटोस कायम या उंबरठ्यावर उभा असतो. त्याच्याविषयीच्या कथा इतक्या मोजक्या का, याचे एक कारण यात आहे. शब्द आणि देव यांच्यात अंतरच थोडे, मग कथेला जागा कुठून मिळणार?

मृताला वाहून नेणारे जुळे भाऊ

मृत्यूचे सर्वांत सौम्य दर्शन गंमत म्हणजे युद्धकाव्यात घडते. 'इलियड'च्या सोळाव्या सर्गात झ्यूसचा मुलगा सार्पेडॉन पॅट्रोक्लसच्या भाल्याने मरतो. मुलाला वाचवावे असे झ्यूसच्या मनात येते, पण हेरा त्याला अडवते : आज तू तुझ्या मुलाला वाचवलेस तर उद्या प्रत्येक देव आपापल्या मुलासाठी तेच मागेल. देवांचा राजा रक्ताच्या थेंबांचा पाऊस पाडतो आणि मुलाला मरू देतो. त्यानंतर त्याच्या हाती एवढेच उरते की प्रेताची विटंबना होऊ नये. त्याच्या सांगण्यावरून अपोलो देह धुतो, त्याला तेल लावतो आणि झोप व मृत्यू या जुळ्या भावांच्या हवाली करतो. ते त्याला त्याच्या लिशिया देशी नेऊन ठेवतात, म्हणजे आप्तांना त्याचे अंत्यसंस्कार करता येतील.

हा प्रसंग युफ्रोनिऑस या चित्रकाराने इ.स.पू. ५१५ च्या सुमारास मद्य कालवण्याच्या एका मोठ्या मातीच्या पात्रावर रंगवला. दोन दाढीवाले, पंख असलेले, चिलखत घातलेले योद्धे वाकून सार्पेडॉनचा भला थोरला देह उचलत आहेत. मध्ये हर्मिस उभा आहे. कोण कोण आहे ते चित्रकाराने नावे लिहूनच सांगितले आहे. दोघा भावांच्या चेहऱ्यांत क्रौर्य शोधून सापडत नाही. जड ओझे जपून उचलणाऱ्या माणसांची एकाग्रता तेवढी दिसते. हे पात्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने १९७२ मध्ये विकत घेतले. ते इटलीतल्या प्राचीन थडग्यांतून बेकायदा उकरून काढले गेल्याचे पुढे आलेले पुरावे पाहता २००८ मध्ये त्याला इटलीला परत करावे लागले. आता ते चेरवेतेरी इथल्या संग्रहालयात आहे.

पुढच्या शतकात अथेन्समध्ये थडग्यांपाशी तेलाच्या पांढऱ्या कुप्या ठेवण्याची रीत होती. त्यांवरही हेच दोघे भाऊ दिसतात. मात्र आता त्यांच्या हातांत झ्यूसचा मुलगा नसून कोणी अनाम तरुण योद्धा असतो, कधी एखादी स्त्री. महाकाव्यातल्या राजपुत्राला मिळालेला मान कुटुंबाने आपल्या माणसासाठी मागून घेतला, असा त्याचा अर्थ लागतो.

पौसानिअस या प्रवाशाने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ऑलिम्पिया इथे देवदाराची एक जुनी कोरीव पेटी पाहिली होती. तिच्यावर रात्र ही स्त्री दोन मुलांना कडेवर घेऊन उभी होती. उजव्या हातावर झोपलेले गोरे मूल आणि डाव्या हातावर झोपल्यासारखे दिसणारे काळे मूल. 'झोपलेले' आणि 'झोपल्यासारखे' एवढाच तो फरक. अठराव्या शतकात जर्मन विचारवंत लेसिंग याने १७६९ मध्ये एक निबंध लिहून हा मुद्दा युरोपपुढे मांडला. मध्ययुगापासून युरोपात मृत्यू म्हणजे कोयता घेतलेला हाडांचा सापळा, असे समीकरण रुळले होते. प्राचीनांनी मृत्यूला तसे कधीच रंगवले नाही, त्यांच्या लेखी तो झोपेचा जुळा भाऊ होता, असे लेसिंगने दाखवून दिले.

मग भीती कुठे गेली?

लेसिंगचे म्हणणे बरोबर असले तरी ते अर्धेच आहे. मरणातला किळसवाणा, रक्ताळलेला भाग ग्रीकांना दिसत नव्हता असे नाही. तो त्यांनी थानाटोसकडून काढून त्याच्या बहिणीला, केरला, दिला होता. 'इलियड'च्या अठराव्या सर्गात अकिलीसच्या नव्या ढालीवर ती कोरलेली आहे. एक जिवंत पण घायाळ, एक धडधाकट आणि एक मेलेला अशा तिघांना तिने धरले आहे आणि तिच्या खांद्यावरचे वस्त्र माणसांच्या रक्ताने लाल झाले आहे. हेसिअडच्या नावावर असलेल्या 'हेराक्लीसची ढाल' या काव्यात तर अशा अनेक केर आहेत. काळ्या, पांढऱ्या सुळ्यांच्या, पडलेल्या योद्ध्यात नखे रुतवून त्याचे रक्त पिणाऱ्या.

म्हणजे एकाच रणांगणावर मरणाची दोन रूपे वावरत असतात. घायाळाला फाडणारी केर आणि प्रेताला उचलून घरी नेणारा थानाटोस. मेलेल्या मुलाच्या आईबापांना या दोन्ही गोष्टी खऱ्या वाटतात. त्याला काय सोसावे लागले असेल हेही मनात येते आणि आता तो सुटला हेही. ग्रीकांनी या दोन भावनांना दोन वेगळे चेहरे दिले; एका चेहऱ्यात त्या कोंबल्या नाहीत.

वाट्याला आलेले राज्य

हेडीस या सगळ्यांपासून वेगळा आहे. तो रात्रीचा मुलगा नाही. तो झ्यूस आणि पोसायडन यांचा सख्खा भाऊ. 'इलियड'च्या पंधराव्या सर्गात पोसायडन सांगतो की तिघा भावांनी चिठ्ठ्या टाकून जग वाटून घेतले. झ्यूसला आकाश मिळाले, पोसायडनला समुद्र आणि हेडीसला धूसर अंधार. भूमी आणि ऑलिंपस पर्वत सामाईक राहिले. हेडीस पाताळात आहे तो पापी म्हणून नव्हे, कोणी ढकलले म्हणूनही नव्हे. वाटणीत तेवढेच आले. ख्रिस्ती धर्मातल्या सैतानाशी त्याची जी सरमिसळ आजच्या चित्रपटांत होते, तिला ग्रीक कथांत आधार नाही.

तो माणसांना मारतही नाही. त्याला कोणाच्या मागे जाण्याची गरजच पडत नाही, कारण शेवटी सगळे त्याच्याकडेच येतात. त्याचे एक विशेषण 'पुष्कळांना घरात घेणारा' अशा अर्थाचे आहे. त्याच्या दाराशी बसलेला सर्बेरस हा कुत्रा हेसिअडच्या सांगण्याप्रमाणे आत येणाऱ्यापुढे शेपूट हलवतो आणि बाहेर पडू पाहणाऱ्याला खातो. पहारा आहे तो बाहेर जाण्यावर. 'इलियड'च्या नवव्या सर्गात म्हटले आहे की माणसांना सर्व देवांत हेडीसचा सर्वाधिक द्वेष वाटतो, कारण तो बधत नाही. तो क्रूर आहे असे तिथे म्हटलेले नाही. त्याच्यापुढे विनवणी चालत नाही, एवढीच तक्रार आहे.

त्याचे नाव घेणेही लोक टाळत. ग्रीक लोक त्या नावाचा अर्थ 'अदृश्य' असा लावत. पुढे 'प्लूटोन' हे नाव रूढ झाले. त्यात 'धन' हा शब्द आहे. धान्य आणि खनिजे जमिनीखालूनच वर येतात, तेव्हा खालचा राजा धनवान असणारच. त्याची राणी पर्सिफोनी ही धान्यदेवता डिमीटरची मुलगी. हेडीसने तिला पळवून नेले आणि डाळिंबाचा दाणा खाऊ घातला, म्हणून वर्षाचा तिसरा हिस्सा तिला खाली काढावा लागतो. तरीही हेडीसची देवळे जवळपास नव्हतीच. एलिस या एकाच प्रांतात त्याची पूजा होते आणि तिथले देऊळ वर्षातून एकदाच उघडते, अशी नोंद पौसानिअसने केली आहे. हळूहळू राजाचे नाव राज्याला पडले. आधी 'हेडीसच्या घरी गेला' म्हणत. नंतर 'हेडीस' म्हणजे ती जागाच झाली. ज्यूंच्या धर्मग्रंथांचे ग्रीक भाषांतर झाले तेव्हा मृतांच्या जागेसाठीच्या 'शिओल' या हिब्रू शब्दाला 'हेडीस' हाच प्रतिशब्द वापरला गेला.

या जागेचे खरे भय कशात आहे, ते 'ओडिसी'च्या अकराव्या सर्गातला अकिलीस सांगतो. रणात लवकर मरून कीर्ती मिळवायची की घरी परतून दीर्घायुष्य भोगायचे, या दोन मरणांतून पहिले त्याने डोळे उघडे ठेवून निवडले होते. मरायला तो भ्यायला नव्हता. पण खाली भेटलेल्या ओडिसियसला तो म्हणतो की मेलेल्यांचा राजा होण्यापेक्षा एखाद्या गरीब कुळाच्या शेतावर मजुरी करत जिवंत राहणे बरे. थानाटोसला न घाबरलेला वीर हेडीसच्या घरात खचला आहे.

थानाटोस हरतो, हेडीस हरत नाही

आता मृत्यूला फसवण्याच्या कथा पाहू. कोरिंथचा सिसिफस फार धूर्त. झ्यूसचे एक गुपित फोडल्यामुळे त्याच्यावर थानाटोसला धाडले जाते. सिसिफस थानाटोसलाच बांधून ठेवतो. मग जगात कोणी मरेना. शेवटी युद्धदेव एरिस येऊन थानाटोसला सोडवतो. ही कथा फेरेसिडीस या जुन्या लेखकाच्या हवाल्याने टीकाकारांनी जपली आहे. सिसिफस खाली जातो, पण जाण्यापूर्वी बायकोला सांगून ठेवतो की माझे अंत्यसंस्कार करू नकोस. खाली गेल्यावर तो तीच तक्रार करतो आणि बायकोला जाब विचारण्यासाठी वर जाण्याची परवानगी मिळवतो. अर्थात तो परत येत नाही; म्हातारा होऊन मरतो तेव्हाच येतो. थानाटोसला तो दोरीने हरवतो, पण खालच्या राज्यात त्याला परवानगीच मागावी लागते. दोन्ही वेळा त्याला मिळाली ती नुसती मुदत.

दुसरी कथा युरिपिडीसच्या 'अल्केस्टिस' या नाटकाची, इ.स.पू. ४३८ मध्ये अथेन्सला झालेल्या. थेसलीतल्या फेरेचा राजा अॅडमिटस याला अशी सवलत मिळते की त्याच्या ऐवजी दुसरे कोणी मरायला तयार असेल तर तो जगेल. म्हातारे आईबाप नकार देतात. बायको अल्केस्टिस तयार होते. नाटकाच्या सुरुवातीलाच थानाटोस हातात तलवार घेऊन रंगमंचावर येतो. तिच्या केसांची बट कापून त्याला तिला पाताळातल्या देवांना अर्पण करायचे आहे. दाराशी अपोलो त्याला गळ घालतो : ही म्हातारी झाल्यावर ने, तेव्हा तुला थाटाचे उत्तरकार्य मिळेल. थानाटोस ऐकत नाही. असे झाले तर श्रीमंत माणसे पैसे मोजून म्हातारपणापर्यंत जगतील, असा त्याचा बिनतोड सवाल आहे. शेवटी पाहुणा म्हणून आलेला हेराक्लीस थडग्यापाशी दबा धरून बसतो, थानाटोसशी कुस्ती करतो आणि तिला परत आणतो. आणलेली स्त्री तीन दिवस बोलू शकत नाही. पाताळातल्या देवांना अर्पण झालेली खूण आधी पुसली जावी लागते.

इथे सावित्रीची आठवण होणारच. दोन कथांतले साम्य पूर्वीच अनेकांच्या नजरेत आले आहे. मला महत्त्वाचा वाटतो तो फरक. वनपर्वात सत्यवानाचे प्राण न्यायला दूत येत नाहीत, तो गुणवान म्हणून स्वतः यम पाश घेऊन येतो. आणि तो नुसता नेणारा नाही. धर्म जाणणारा, वर देणारा, निर्णय फिरवू शकणारा राजाही तोच आहे. म्हणून सावित्री त्याच्याशी बोलू शकते, मागे मागे चालत त्याला पटवू शकते. थानाटोसशी बोलून काही होत नाही, कारण त्याच्या हाती काही नाही. तो हुकूम बजावणारा आहे. त्याच्या हातून कोणाला सोडवायचे तर हिसकावूनच घ्यावे लागते. एका कथेत संवाद आहे आणि दुसरीत कुस्ती आहे, याचे मूळ मरणाच्या या वाटणीत आहे.

एवढे सांगून हेही सांगायला हवे की ही वाटणी दोन्हीकडे काटेकोर नाही. महाभारतातच द्रोणपर्वात आणि शांतिपर्वात मृत्यू ही यमाहून वेगळी अशी स्त्री आहे. ब्रह्मदेवाने सांगूनही जीव घ्यायला ती तयार होत नाही आणि रडते. तिच्या आसवांचे रोग होतात. तिकडे युरिपिडीसच्या नाटकात मरणाऱ्या अल्केस्टिसला घाई करणारा कॅरॉन दिसतो आणि पंख असलेला, काळ्या भुवयांखालून पाहणारा हेडीसही दिसतो. पंख खरे तर थानाटोसचे. जिवंत माणूस शांतपणे विचार करतो तेव्हा मरण आणि मेलेपण वेगळे ठेवता येते. जो प्रत्यक्ष मरतो आहे त्याला ते वेगळे दिसत नाहीत, हे त्या नाटककाराने ओळखले होते.

नावाडी उरला

मरणाचा क्षण आणि मृतांचे राज्य यांच्यामध्ये वाट आहे, आणि तिच्यावरही माणसे नेमलेली आहेत. 'ओडिसी'च्या शेवटच्या सर्गात हर्मिस मारल्या गेलेल्या लोकांचे आत्मे वटवाघळांच्या थव्यासारखे चिरकत असताना पुढे होऊन नेतो. नावाडी कॅरॉन मात्र होमरमध्ये नाही, हेसिअडमध्येही नाही. तो नंतर आला आणि लोकप्रिय झाला. ॲरिस्टोफेनीसच्या इ.स.पू. ४०५ मधल्या 'बेडूक' या प्रहसनात तो प्रवाशांवर खेकसतो आणि दोन ओबोल भाडे घेतो.

पुढे जे घडले ते मला या सगळ्या विषयात सर्वांत बोलके वाटते. ग्रीस ख्रिस्ती झाला, ऑलिंपसचे देव गेले, पण कॅरॉन राहिला. आजच्या ग्रीक लोकगीतांत तो 'खारोस' या नावाने आहे, मात्र त्याची नाव आता नाही. तो काळ्या घोड्यावरून येतो, तरुणांना पुढे घालतो, म्हाताऱ्यांना मागून ओढत नेतो, लहानग्यांना खोगिराला बांधतो. सीमेवरचा वीर डिगेनिस त्याच्याशी संगमरवरी खळ्यावर कुस्ती खेळतो आणि हरतो. थानाटोसचे काम, केरचे क्रौर्य, हेडीसचे न बधणे, हे सगळे एका नावाड्याच्या अंगावर आले. 'थानाटोस' हा शब्द भाषेत राहिला तो केवळ 'मरण' या अर्थाने; ज्या उंबरठ्यावर तो उभा होता तिथून तो शब्दाच्या बाजूला उतरला. शतकानुशतके वाटून ठेवलेले मरण लोकांनी शेवटी पुन्हा एकाच्याच हाती दिले.

असे का झाले असावे? एस्किलसच्या 'नायोबी' या आज हरवलेल्या नाटकातला एक उतारा इतरांनी उद्धृत केल्यामुळे वाचला आहे. त्यात म्हटले आहे की देवांमध्ये एकटा थानाटोसच असा की ज्याला भेटवस्तूंची हाव नाही, त्याला वेदी नाही, त्याच्यासाठी स्तोत्र नाही. स्पार्टात झोप आणि मृत्यू या भावांच्या मूर्ती होत्या असे पौसानिअस सांगतो, पण मूर्ती असणे आणि तिच्यापुढे काही मागता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्रीकांचा थानाटोस न्यायी होता, गरीब-श्रीमंत भेद न करणारा होता, चित्रांत तर हळुवारही होता. पण त्याच्याशी देवघेव नव्हती. लोकगीतातला खारोस क्रूर असला तरी त्याच्याशी बोलता येते, भांडता येते, त्याला शिव्या देता येतात. मागे राहिलेल्यांना तेवढे तरी लागतेच.

धनत्रयोदशीला आपण दाराबाहेर कणकेचा दिवा लावतो, वात दक्षिणेकडे करतो आणि अपमृत्यू टळो असे म्हणतो. मरण टळो असे म्हणत नाही; अवेळी येऊ नये एवढेच मागतो. अपोलोने थानाटोसकडे अल्केस्टिससाठी नेमके हेच मागितले होते. तिथे ते ऐकून घेणारा देव नव्हता; आपण ज्याच्यासाठी दिवा लावतो त्याच्याविषयी आपली समजूत अशी आहे की तो ऐकतो.